संदर्भ लेख : मेंदूतील श्वेतद्रव्याची झीज, रक्तवाहिन्यांचे विकार आणि स्मृतिभ्रंश

नवी दिल्ली : साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली की अहवालात एक ओळ वारंवार आढळते : ‘व्हाइट मॅटरमध्ये स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’. त्यापुढे बहुधा ‘फझेकस श्रेणी १’ किंवा ‘श्रेणी २’ अशी नोंद असते. गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढे समजले की कुटुंबीयांचा जीव भांड्यात पडतो आणि अहवाल कपाटात जातो. ही ओळ म्हणजे वयोमानाची खूण, असा सर्वसाधारण समज आहे. गेल्या चार दशकांतील संशोधनाने मात्र या ओळीचा अर्थ बराच बदलला आहे. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना झालेली इजा स्मृतिभ्रंशाच्या वाटेवर नेऊ शकते आणि त्या इजेची सुरुवात अनेकदा चाळिशी-पन्नाशीतच झालेली असते, असे हे संशोधन सांगते. यातील दिलासा देणारा भाग असा की, या इजेची काही प्रमुख कारणे आटोक्यात ठेवता येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत होते. भारतात ‘लासी-डॅड’ या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असून बाधितांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण अल्झायमर हा विकार असला, तरी रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणारा स्मृतिभ्रंश हे त्याखालोखालचे प्रमुख कारण मानले जाते. वृद्धापकाळात ही दोन्ही कारणे एकाच मेंदूत एकत्र नांदताना आढळतात.

श्वेतद्रव्य म्हणजे काय?

मेंदूचा पृष्ठभाग करड्या रंगाचा असतो. तेथे चेतापेशींची मुख्य शरीरे असतात. त्याखालचा, आकारमानाने मेंदूचा जवळपास अर्धा असलेला भाग पांढुरका दिसतो. हेच श्वेतद्रव्य होय. चेतापेशींपासून निघणारे लांब तंतू येथून जातात आणि मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी जोडतात. या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील वेष्टणासारखे हे आवरण संदेशाचा वेग कित्येक पटींनी वाढवते. श्वेतद्रव्याचा पांढरा रंग या स्निग्ध पदार्थामुळेच असतो.

या जाळ्याची व्याप्ती थक्क करणारी आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार वीस वर्षांच्या पुरुषाच्या मेंदूतील मायलिनयुक्त तंतूंची एकूण लांबी सुमारे १ लाख ७६ हजार किलोमीटर भरते. पृथ्वीच्या विषुववृत्तीय परिघाच्या चारपटींहून ती अधिक आहे. वयाच्या विसाव्या ते ऐंशीव्या वर्षापर्यंत ही लांबी सुमारे ४५ टक्क्यांनी घटते, असे त्याच अभ्यासात दिसून आले. म्हणजे काही प्रमाणातील घट ही वयाबरोबर येणारी आहे. प्रश्न आहे तो या घटीला जेव्हा रक्तपुरवठ्याच्या बिघाडाची जोड मिळते तेव्हाचा.

रक्तवाहिन्यांना इजा कशी होते?

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा केवळ दोन टक्क्यांच्या आसपास असतो. प्राणवायूचा वापर मात्र तो एकूण वापराच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका करतो. श्वेतद्रव्याच्या खोल भागाला हे रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरून आत शिरणाऱ्या लांब, अतिशय बारीक धमन्यांतून मिळते. या धमन्यांचे एकमेकींशी फारसे जोड नसतात. एक बंद पडली तर शेजारची तिची उणीव भरून काढू शकत नाही. कालव्याच्या टेलवरील शेतासारखी या भागाची अवस्था असते. वर कोठेही अडथळा आला, दाब कमी झाला, तरी पहिला फटका टेललाच बसतो.

दीर्घकाळ चढा राहिलेला रक्तदाब या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक करतो. आतील पोकळी अरुंद होते. गरजेनुसार रुंदावून अधिक रक्त पुरवण्याची त्यांची क्षमता कमी होते. मधुमेह आणि धूम्रपान यांमुळे धमन्यांच्या आतील अस्तराला इजा होते. रक्त आणि मेंदू यांच्यामधील संरक्षक अडसर सैल होऊन रक्तातील घटक मेंदूच्या ऊतींमध्ये झिरपू लागतात. मायलिन तयार करणाऱ्या ऑलिगोडेन्ड्रोसाइट या पेशी प्राणवायूच्या कमतरतेला विशेष संवेदनशील असल्याने त्या लवकर बाधित होतात. मग मायलिन विरळ होते, तंतू झिजतात आणि संदेशवहन मंदावते.

अशीच बारीक रक्तवाहिन्यांची जाळी डोळ्याच्या दृष्टिपटलात आणि मूत्रपिंडातही असते. त्यामुळे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत अथवा मूत्रपिंडांत बदल दिसू लागले, तर मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्याही सुरक्षित असतीलच असे गृहीत धरता येत नाही.

सव्वाशे वर्षांचा मागोवा

या विकाराची नोंद जुनी आहे. जर्मनीतील येना येथे काम करणारे मनोविकारतज्ज्ञ ओटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये, मेंदूच्या पृष्ठभागापेक्षा आतील श्वेतद्रव्याची झीज अधिक झालेल्या आणि बुद्धी हळूहळू मंदावत गेलेल्या रुग्णांचे वर्णन केले. १९०२ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी त्यात भर घालून या विकाराशी बिन्सवांगर यांचे नाव जोडले. पुढे ज्यांचे स्वतःचे नाव स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत परिचित प्रकाराला मिळाले, त्या अल्झायमर यांना रक्तवाहिन्यांच्या भूमिकेची जाणीव प्रारंभापासून होती, ही बाब उल्लेखनीय आहे.

विसाव्या शतकात बराच काळ ‘म्हातारपणी धमन्या कडक होतात आणि बुद्धी जाते’ एवढेच ढोबळ स्पष्टीकरण प्रचलित होते. १९७४ मध्ये व्लादिमिर हाचिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मधील लेखात त्याला छेद दिला. रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश हा लहान-मोठ्या अनेक झटक्यांच्या साचलेल्या परिणामातून होतो, अशी मांडणी त्यांनी केली. झटके टाळता आले तर असा स्मृतिभ्रंशही टाळता येईल, हा त्यातून निघणारा अर्थ त्या काळात महत्त्वाचा ठरला.

सीटी स्कॅन आणि नंतर एमआरआय तंत्र आल्यावर जिवंत व्यक्तीच्या मेंदूतील श्वेतद्रव्य पाहणे शक्य झाले आणि ज्येष्ठांच्या प्रतिमांमध्ये मोठ्या प्रमाणावर बदल दिसू लागले. त्यांना नेमके काय म्हणावे याबाबत गोंधळ असताना १९८७ मध्ये हाचिन्स्की व सहकाऱ्यांनी ‘ल्यूकोअरायोसिस’ हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ ‘पांढऱ्या भागाचे विरळ होणे’ एवढाच. कारणाविषयी कोणताही दावा न करता केवळ दिसते ते सांगणारा शब्द असावा, हा त्यामागील हेतू होता. त्याच वर्षी फ्रांत्स फझेकस आणि सहकाऱ्यांनी एमआरआयवरील हे बदल शून्य ते तीन अशा श्रेणींत मोजण्याची सोपी पद्धत मांडली. आज अहवालांत दिसणारी ‘फझेकस श्रेणी’ ती हीच. १ म्हणजे तुरळक ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना मिळू लागलेले, तर ३ म्हणजे विस्तीर्ण, सलग पट्टे.

पांढरे ठिपके किती गंभीर?

हे ठिपके अत्यंत सामान्य आहेत, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षे वयाच्या १,०७७ व्यक्तींच्या तपासणीत श्वेतद्रव्यात कोणताही बदल नसलेल्या व्यक्ती केवळ पाच टक्के होत्या. त्यामुळे अहवालात ठिपके दिसले म्हणजे स्मृतिभ्रंश झाला, असे मुळीच नाही. अनेक जण असे ठिपके असूनही स्वतंत्र, कार्यक्षम आयुष्य जगतात.

तथापि त्यांचे प्रमाण अधिक असेल तर जोखीम वाढते. स्टेफनी डेबेट आणि ह्यू मार्कस यांनी २०१० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विविध दीर्घकालीन अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. श्वेतद्रव्यातील बदल अधिक असलेल्यांमध्ये पक्षाघाताची जोखीम सुमारे तिपटीहून अधिक, तर स्मृतिभ्रंशाची आणि मृत्यूची जोखीम जवळपास दुप्पट असल्याचे त्यात आढळले.

केवळ रक्तवाहिन्यांचा विकार स्मृतिभ्रंशापर्यंत नेऊ शकतो, याचा ठळक पुरावा ‘कॅडासिल’ या दुर्मीळ आनुवंशिक आजारातून मिळतो. ‘नॉच ३’ या जनुकातील दोषामुळे होणाऱ्या या आजारात सूक्ष्म धमन्या बिघडतात, श्वेतद्रव्यात विस्तृत बदल होतात आणि मध्यम वयातच पक्षाघाताचे झटके व बौद्धिक ऱ्हास दिसू लागतो. अल्झायमरची प्रक्रिया सहसा सुरूही झालेली नसते अशा वयात हे घडते.

अल्झायमरशी नाते

रक्तवाहिन्यांची इजा आणि अल्झायमर हे दोन स्वतंत्र कप्पे नाहीत, हे दाखवणारा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेतील कॅथलिक जोगिणींवर झाला. डेव्हिड स्नोडन यांच्या नेतृत्वाखालील या ‘नन स्टडी’मध्ये सहभागी जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्यास संमती दिली होती. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १०२ जोगिणींच्या मेंदूंची तपासणी होती. त्यांपैकी ६१ जणींच्या मेंदूंत अल्झायमरचे निकष पूर्ण होतील इतके बदल आढळले. मात्र त्यांच्यातही ज्यांच्या मेंदूत रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या खुणा होत्या, त्यांची बौद्धिक कामगिरी अधिक खालावलेली आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक होते. विशेषतः मेंदूच्या खोल भागातील एक-दोन छोट्या खुणाही मोठा फरक घडवत होत्या. अल्झायमरचे ओझे जो मेंदू कदाचित पेलू शकला असता, तो रक्तवाहिन्यांच्या इजेची भर पडल्यावर कोलमडतो, असा याचा अर्थ लावला जातो.

लक्षणे कोणती?

श्वेतद्रव्याच्या झिजेची लक्षणे विस्मरणापेक्षा वेगळी असू शकतात, म्हणूनच ती नजरेतून सुटतात. विचारांचा वेग मंदावतो. एका वेळी दोन कामे सांभाळणे, कामांचा क्रम लावणे, घरखर्चाचा किंवा बँकेच्या व्यवहारांचा ताळमेळ बसवणे अवघड जाते. आठवण पूर्णपणे पुसलेली नसते. थोडा धागा दिला की ती परत येते. चाल बदलते. पावले आखूड पडतात, पाय घासत चालणे सुरू होते, तोल जातो. लघवीची घाई होते. उत्साह मावळतो आणि व्यक्ती गप्प राहू लागते. घरातील मंडळी याला ‘आळस’, ‘हट्टीपणा’ किंवा ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात ती एकाच विकाराची वेगवेगळी रूपे असू शकतात.

रक्तदाबाच्या प्रयोगांतून काय हाती आले?

ब्रिटनमध्ये मार्च १९४६ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या व्यक्तींचा आयुष्यभर पाठपुरावा करण्यात आला आहे. त्यांच्यापैकी सुमारे पाचशे जणांच्या मेंदूची तपासणी वयाच्या सत्तरीच्या आसपास करण्यात आली. २०१९ मधील निष्कर्षांनुसार ज्यांचा रक्तदाब ५३ व्या वर्षी अधिक होता आणि ज्यांचा रक्तदाब ४३ ते ५३ या दशकात झपाट्याने वाढला होता, त्यांच्या श्वेतद्रव्यात पुढे अधिक बदल आढळले. अल्झायमरशी निगडित अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्याशी मात्र रक्तदाबाचा संबंध दिसला नाही. मध्यम वयातील रक्तदाब मेंदूला मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या मार्गाने इजा करत असावा, असे यावरून सूचित होते.

रक्तदाब कमी केल्यास हे टळते का, याचे उत्तर निरीक्षणातून नव्हे, तर प्रयोगातूनच मिळू शकते. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ हा असा एक मोठा प्रयोग. ५० वर्षांवरील ९,३६१ व्यक्तींपैकी निम्म्यांचा वरचा रक्तदाब १२० च्या खाली, तर उरलेल्यांचा १४० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार कडक नियंत्रणाच्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही कमी दिसले, परंतु तो फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर पुरेसा ठोस नव्हता. एमआरआय तपासणी झालेल्या गटात श्वेतद्रव्यातील इजेची सरासरी वाढ कडक नियंत्रणात ०.९२ घनसेंटिमीटर, तर नेहमीच्या नियंत्रणात १.४५ घनसेंटिमीटर होती. इजा थांबली नाही, पण तिचा वेग मंदावला. मधुमेह असलेल्या व आधी पक्षाघात झालेल्या व्यक्तींना या प्रयोगात घेतले नव्हते, ही त्याची मर्यादा होय.

भारतासाठी अधिक बोलका प्रयोग चीनच्या ग्रामीण भागातील आहे. ३२६ गावांतील ४० वर्षांवरील ३३,९९५ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा त्यात समावेश होता. निम्म्या गावांत प्रशिक्षित ग्रामवैद्यांनी ठरावीक नियमांनुसार औषधे दिली, स्वस्त किंवा मोफत औषधांची सोय केली आणि रुग्णांचा पाठपुरावा केला. चार वर्षांनंतर या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अन्य गावांच्या तुलनेत १५ टक्क्यांनी कमी आढळले. ‘नेचर मेडिसिन’मध्ये २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निकालाचे महत्त्व असे की, त्यासाठी नवे औषध किंवा महागडे यंत्र लागले नाही.

भारतातील चित्र

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे १० कोटी १० लाख असून प्रौढांतील उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आहे. आजचे हे रुग्ण पुढील दोन-तीन दशकांत वृद्धापकाळात प्रवेश करतील. त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या भावी संकटाचे मोजमाप आजच्या रक्तदाबाच्या नोंदींत दडलेले आहे, असे म्हणता येईल.

या दिशेने काही पावले पडली आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. ठरावीक उपचारपद्धती, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत औषधांचा पुरवठा आणि रुग्णांचा नियमित पाठपुरावा ही या उपक्रमाची सूत्रे आहेत. संशोधनाच्या पातळीवर बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकच्या कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरात ग्रामीण ज्येष्ठांचा दीर्घकालीन अभ्यास करत आहे. स्मृतिभ्रंशाविषयीचे बहुतांश ज्ञान पाश्चात्त्य देशांतील शहरी, सुशिक्षित लोकसंख्येवरून आलेले असल्याने अशा अभ्यासांना विशेष महत्त्व आहे.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या, घरात मराठी आणि बाहेर दुसरी भाषा बोलणाऱ्या वाचकांना रस वाटावा असा एक निष्कर्षही भारतातूनच आला आहे. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधील ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात दिसले. निरक्षर व्यक्तींमध्येही हा फरक आढळला. रक्तवाहिनीजन्य स्मृतिभ्रंशही त्याला अपवाद नव्हता. भाषा रक्तवाहिन्या दुरुस्त करत नाही, मात्र इजा झालेल्या मेंदूला पर्यायी वाटा शोधण्याचे बळ तिच्यामुळे मिळत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे.

उपचारांच्या मर्यादा

झिजलेले श्वेतद्रव्य पूर्ववत करणारे औषध आज उपलब्ध नाही. ब्रिटनमधील ‘लासी-२’ या ३६३ रुग्णांवरील प्रयोगात हृदयविकार व रक्ताभिसरणासाठी आधीपासून वापरात असलेली दोन औषधे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारात तपासण्यात आली. २०२३ मधील निष्कर्ष आशादायक असले, तरी मोठ्या प्रयोगातून पुष्टी झाल्याशिवाय ती या कारणासाठी नियमित देता येणार नाहीत.

‘रक्त पातळ राहावे’ म्हणून स्वतःहून ॲस्पिरिन घेण्याची सवय अनेक घरांत आढळते. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतील १९,११४ निरोगी ज्येष्ठांवरील प्रयोगात ॲस्पिरिनमुळे स्मृतिभ्रंश व अपंगत्वाविना जगण्याचा काळ वाढला नाही, उलट गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण वाढले. हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्यांना दिले जाणारे ॲस्पिरिन ही वेगळी बाब असून ते डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये.

अहवालात अशी नोंद आढळल्यास

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार आयुष्याच्या विविध टप्प्यांवरील १४ घटक दूर करता आले, तर जगातील स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के घटना टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. उच्च रक्तदाब, मधुमेह, घातक कोलेस्टेरॉल, धूम्रपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, प्रदूषित हवा, श्रवणदोष आणि एकाकीपणा यांचा त्यांत समावेश आहे.

एमआरआय अहवालात श्वेतद्रव्यातील बदलांची नोंद असल्यास घाबरून न जाता रक्तदाब, रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल तपासून घेणे आणि हृदयाचे ठोके अनियमित नाहीत याची खात्री करणे इष्ट ठरते. ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉइडचा बिघाड यांमुळेही बुद्धी मंदावू शकते व ती कारणे उपचारांनी सुधारतात, म्हणून त्यांचीही तपासणी व्हावी. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या अन्य आजारांतही असे ठिपके दिसू शकतात. त्यामुळे, विशेषतः तरुण व्यक्तीच्या अहवालाचा अर्थ मेंदूविकारतज्ज्ञाकडूनच समजून घ्यावा. अतिवृद्ध किंवा अशक्त व्यक्तीचा रक्तदाब फार खाली आणल्यास चक्कर येणे, पडणे असे धोके संभवतात. म्हणून उद्दिष्ट किती ठेवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवणे योग्य. आहारात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणची, पापड आणि पाकीटबंद फरसाण यांतील मीठही त्यात मोजायला हवे. ज्येष्ठ नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांना मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारची १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

अहवालातील ती ओळ ज्येष्ठांपुरती नसते. आई-वडिलांच्या मेंदूतील हे बदल पाहणारी मुले बहुतेकदा स्वतः चाळिशी-पन्नाशीत, म्हणजे ज्या वयात ही इजा आकार घेते नेमक्या त्याच वयात असतात. आई-वडिलांचा अहवाल कपाटात ठेवण्यापूर्वी त्यांनी स्वतःचा रक्तदाब एकदा मोजून घेणे, हा आजवरच्या संशोधनाचा सर्वांत साधा आणि सर्वांत स्वस्त निष्कर्ष आहे.